कोल्हापुरात विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहायला येताय? बादलीपासून मेसच्या हिशोबापर्यंत

पहाटे साडेपाचला न्हाणीघराच्या दाराबाहेर बादल्यांची रांग लागलेली असते. माणूस एकही नाही, नुसत्या बादल्या. एकीच्या कडीला लाल दोरा, एकीवर नेलपेंटनं काढलेलं अक्षर, एकीत मग आणि मगात साबणाची डबी. आपली बादली रांगेत लावायची, खोलीत जाऊन वाचत बसायचं आणि नंबर येण्याच्या अंदाजानं बाहेर यायचं. पुढची बादली कुणी मागं सरकवत नाही. मालकीण आलीच नाही, तर तिच्या दारावर टकटक करतात, हाक मारतात, मगच पुढची आत जाते. हा नियम कुठंही छापलेला नाही. माहितीपत्रकात फी असते, गेट बंद व्हायची वेळ असते, हीटरला बंदी असते. बादलीबद्दल अक्षर नसतं.

मी माण तालुक्यातली, टँकरच्या रांगेत वाढलेली. त्यामुळे ही रांग पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. बाकीचं कळायला मात्र सहा महिने गेले. शिवाजी विद्यापीठात शिकताना दोन वर्षांत जे समजलं, ते नव्यानं येणाऱ्या मुलींसाठी लिहिते आहे. मुलांच्या हॉस्टेलवरही बरंचसं असंच असतं. हॉस्टेलवर प्रत्येकीचा एक वाटा असतो, घेण्याचाही आणि उचलण्याचाही. ज्या मुली पहिल्या महिन्यातच आपला वाटा उचलायला लागतात त्यांना इथं परकं वाटत नाही, हे मी दोन्ही वर्षं डोळ्यांनी पाहिलंय.

आधी हे गाव समजून घ्या

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. खेड्यातल्या पोराचं शिक्षण अडतं ते शहरातल्या जेवणाखाणावर आणि राहण्यावर, हे महाराजांनी नेमकं ओळखलं होतं. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून आजूबाजूला बघा, त्या काळच्या बोर्डिंगांच्या खुणा अजून दिसतात.

ही बोर्डिंगं जातवार होती. कोल्हापुरात शिकायला असताना भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहिले. पुढं १९२४ साली त्यांनी साताऱ्यात स्वतःचं बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. मुलं स्वतः काम करून शिकत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. आपण ज्या मेसमध्ये ताट घेऊन बसतो तिथपर्यंत पोचायला एवढा रस्ता चालावा लागलाय.

म्हणून पहिली सूचना जेवणाच्या टेबलाची. जिथं जागा असेल तिथं बसा. पहिल्या ओळखीत आडनाव विचारू नका, गाव विचारा. गावावरून गप्पा कुठल्या कुठं जातात: तुमच्याकडं एस.टी. किती वाजता असते, द्राक्षं की ऊस, यात्रा कधी.

निघण्यापूर्वी

कागदपत्रं एका फाइलमध्ये, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स: प्रवेशाची पावती, आधार, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला लागू असेल तर तो, पालकांचं हमीपत्र, वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आकाराचे दहा-बारा फोटो. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचंही लागतं, ते ऑनलाइन भरता येतं. कोल्हापुरात नातेवाईक असतील तर स्थानिक पालक म्हणून त्यांचा फोन नंबर आणि सही लागू शकते, त्यांना आधी विचारून ठेवा.

सामान कमी आणा. गादी, उशी, बादली, झाडू राजारामपुरीत किंवा जवळपास मिळून जातं. घरून आणायच्या गोष्टी वेगळ्याच असतात: चांगलं कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या, कपडे वाळत घालायला दहा-बारा फूट नायलॉनची दोरी, चिमटे, एक्स्टेन्शन बोर्ड, स्वतःचं ताट-वाटी-पेला, आणि जून-जुलैत येणार असाल तर छत्रीबरोबर रेनकोटही. इथला पाऊस आडवा येतो, नुसत्या छत्रीचं काम नाही. पाणी तापवायची कॉइल आणू नका. बहुतेक हॉस्टेलांवर तिला बंदी असते आणि ती बंदी योग्यच आहे, जुन्या वायरिंगवर चार कॉइल एकदम लागल्या की सगळा मजला अंधारात जातो.

खोलीचा ताबा आणि पहिली रात्र

खोली ताब्यात घेताना कॉट, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, दिवे यांची यादी तुमच्यासमोर ठेवतात आणि सही मागतात. सही करण्याआधी कपाटाची कडी लावून बघा, पंखा सगळ्या नंबरांवर फिरवून बघा, खिडकीची काच आणि जाळी बघा. जे मोडलेलं असेल ते यादीवरच लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. दोन वर्षांनी खोली सोडताना हाच कागद पुढं येतो.

पहिल्या संध्याकाळी आईवडील परत गेले की पोटात खड्डा पडतो. सगळ्यांना पडतो. दार लावून खोलीत बसू नका. जेवायच्या वेळी शेजारच्या खोलीच्या दारात उभं राहून एवढंच विचारा, "मेसला येणार का?" माझी दोन वर्षांची मैत्री या तीन शब्दांवर सुरू झाली. घरून आणलेला लाडू-चिवड्याचा डबा पहिल्याच रात्री फोडा. चार दिवसांनी फोडलात तर तो नुसता खाऊ असतो, पहिल्या रात्री तो ओळख असतो.

हाका कशा मारायच्या तेही सांगते. वरच्या वर्गातल्या मुलींना ताई. रेक्टरना मॅडम. स्वयंपाकाच्या आणि झाडलोटीच्या बायकांना मावशी, गेटवरच्या माणसाला मामा किंवा काका. भाषेवरून दचकू नका. कोल्हापूरच्या मुली "मी आलो", "मी जेवून येतो" असं बोलतात. पहिल्यांदा ऐकताना कानाला वेगळं वाटतं, महिन्याभरात गोड वाटायला लागतं. बेळगाव-निपाणीकडच्या मुलींच्या मराठीत कानडी हेल असतो, कोकणातल्या मुलींचा वेगळा. कुणाच्या बोलीची नक्कल करून हसू नका. घरच्या भाषेवर हसलेलं माणूस विसरत नाही.

रूम पार्टनरशी पहिल्या रविवारीच बोला

भांडणं मोठ्या कारणांवरून होत नाहीत. दिवा, गजर, फोन आणि केर, या चारांवरून होतात. म्हणून पहिल्या रविवारी चहा घेऊन बसा आणि ठरवा: रात्री मोठा दिवा किती वाजता बंद, गजर किती वेळा वाजू द्यायचा, फोनवर बोलायला बाहेर जायचं का, झाडू कुणी कोणत्या वारी मारायचा.

माझी पार्टनर सेटचा, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास करायची, रात्री दोनपर्यंत जागी. मी पहाटे पाचला उठणारी. पहिले पंधरा दिवस दोघींचीही झोप गेली. मग तिनं एक युक्ती काढली. टेबल फिरवून कपाटाच्या आडोशाला नेलं आणि कपाटाचं दार उघडून त्याचाच पडदा केला. टेबललॅम्पचा उजेड दाराच्या अलीकडं, माझी झोप पलीकडं. मी माझा गजर बंद केला आणि फोन उशीखाली कंपनावर ठेवला. दोन वर्षं आम्ही खोली बदलली नाही.

पाहुण्यांचं मात्र नियमानंच करा. बहीण, मैत्रीण एका रात्रीसाठी आली तर रजिस्टरमध्ये नोंद, परवानगी, गेस्ट फी. नाव न लावता महिनोन्‌महिने खोलीत राहणाऱ्यांना हॉस्टेलच्या भाषेत पॅरासाइट म्हणतात. कीव येऊन कुणाला ठेवावंसं वाटलं, तरी आधी पार्टनरला विचारा आणि मग रेक्टरना. गरजू मुलीसाठी मार्ग निघतो, तो लपवाछपवीतून निघत नाही.

मेस: इथंच हॉस्टेल कळतं

मेस दोन तऱ्हेची असते. एक ठेकेदाराची, तिथं ठरलेले पैसे भरायचे. दुसरी मुलींच्या समितीनं चालवलेली. दुसऱ्या तऱ्हेची मिळाली तर भाग्य समजा आणि वर्षातून एक महिना तरी समितीत काम करा.

समितीच्या मेसचा हिशोब सोपा आहे, पण तो पहिल्याच महिन्यात समजून घ्या. महिन्याचा किराणा, भाजी, दूध, गॅस, मावशींचा पगार, सगळ्याची बेरीज करायची. मग सगळ्या मुलींचे मिळून किती दिवस जेवण झालं ते मोजायचं. उदाहरण घेऊ. ६० मुली, ३० दिवस, म्हणजे १८०० हजेरी. त्यातून सगळ्यांचे मिळून १५० खाडे, म्हणजे न जेवल्याचे दिवस, वजा केले, राहिले १६५०. महिन्याचा खर्च १,४८,५०० रुपये आला असेल, तर दिवसाचा दर ९० रुपये. तुमचे चार खाडे असतील तर २६ दिवसांचे २,३४० रुपये भरायचे.

 खाडा आदल्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत वहीत लिहावा लागतो. सलग किती दिवसांचा खाडा धरतात हे प्रत्येक मेसचं वेगळं, ते विचारून घ्या. मी पहिल्या दिवाळीआधी चुलतबहिणीच्या लग्नाला पाच दिवस गेले आणि वहीत लिहायचं विसरले. बिलात पाचही दिवस लागले. मी समितीतल्या ताईंकडं गेले आणि म्हणाले, मी इथं नव्हतेच. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मावशी कणीक मळत होत्या. परातीशेजारी वहीचं पान होतं, त्यावर त्या दिवसाचा आकडा. "या आकड्यावर पीठ घेतात. पाच दिवस तुझ्या नावाचं पीठ मळलंय," ताई म्हणाल्या. मी पैसे भरले. त्यानंतर एकदाही खाडा चुकला नाही.

समितीत गेलात की भल्या पहाटे लक्ष्मीपुरीच्या बाजारात जावं लागतं. तांदळाचे दाणे तळहातावर घेऊन बघायचे, तूरडाळीचा भाव दोन दुकानांत विचारायचा, पोतं रिक्षात चढवायचं. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलींनाही इथं नवं काही कळतं. ताटात भाजी टाकून देणं आपोआप थांबतं.

चवीबद्दल दोन शब्द. कोल्हापूरकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला, आणि तो सढळ हातानं पडतो. कोकणातल्या मुलींना सुरुवातीला झेपत नाही. दही जवळ ठेवा आणि मावशींना सांगा. फोडणीनंतर, चटणी घालण्याआधी, वाटीभर आमटी बाजूला काढायला त्यांना काही अवघड नसतं, फक्त सांगायला हवं. रविवारी दुपारी फीस्ट असते, कुणासाठी अंडाकरी किंवा चिकन, कुणासाठी गोड. बहुतेक ठिकाणी रविवारी रात्री मेस बंद. ती रात्र मिसळीची, भेळेची, किंवा खोलीत चार जणींनी मिळून वाटून खाल्लेल्या घरच्या चटणी-भाकरीची. उपवासाच्या दिवशी साबुदाणा हवा असेल तर नाव आधी द्या. रमजानात रोजे धरणाऱ्या मैत्रिणींसाठी पहाटेचं जेवण रात्रीच डब्यात काढून ठेवावं लागतं. आमच्या मजल्यावर दोघी होत्या. त्यांना सहेरीला उठवायचं काम मी माझ्याकडं घेतलं, कारण मी तशीही लवकर उठायचे. ईदला त्यांच्या घरून आलेला शीरखुर्मा पातेल्यातून सगळ्या मजल्यावर फिरला.

ओळख करून घेणं आणि रॅगिंग, यांतला फरक

नव्या मुलींची ओळखसभा होते. नाव, गाव, विषय, एखादं गाणं. गाणं येत नसेल तर नाही म्हणता येतं आणि त्यावर कुणी काही म्हणत नाही, तर ती ओळख. नाही म्हटल्यावर दडपण येत असेल, रात्री खोलीत बोलावलं जात असेल, कपड्यांवरून, जातीवरून, रंगावरून, गावावरून बोललं जात असेल, कुणाच्या वह्या लिहून द्याव्या लागत असतील, तर ते रॅगिंग आहे. "परंपराच आहे, आम्हीही सोसलं" हे वाक्य ऐकलंत की तिथून उठा.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय संस्थेतून काढून टाकलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास, मोफत. हा नंबर आजच मोबाइलमध्ये घाला. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

आणि दुसऱ्या वर्षाला गेलात की नव्या मुलींना खोल्या दाखवायला, बादलीची रांग समजवायला गेटवर उभ्या राहा.

सणवार

बऱ्याच हॉस्टेलांवर गणपती बसतो. वर्गणी ऐपतीप्रमाणे द्या, न देता आलं तर काम अंगावर घ्या: आरास, प्रसाद, आरतीची भांडी घासणं. गौरीला निम्मं हॉस्टेल गावी जातं, तेव्हा मागं राहणाऱ्या चार-पाच जणींकडं सगळी आरती येते. मी एका वर्षी राहिले होते. एवढ्या मोठ्या इमारतीत पाच जणींचा आवाज घुमायचा.

अश्विनात आपल्या भागातला हादगा. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून, वासावरून ओळखायचं, गोड की तिखट इथून सुरुवात करायची. ज्यांच्या गावात हादगा कधी झालाच नाही अशा मुलीही फेरात येतात, हात धरून पावलं शिकवली की दोन गाण्यांत जमतं. नवरात्रात पहाटे अंबाबाईला चालत जाणाऱ्यांचा गट निघतो, त्यासाठी लवकर गेट उघडायची परवानगी एकत्र अर्ज करून घ्या. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी, मावळतीची किरणं देवळात अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. किरणोत्सवाला जायचं तर परतीची वेळ गेटच्या वेळेशी जुळवून निघा. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध. होळीनंतर रंग खेळायचा तो रंगपंचमीला, धुळवडीला इथं तेवढी धामधूम नसते. तीन जानेवारी सावित्रीबाईंची, चौदा एप्रिल बाबासाहेबांची, सव्वीस जून शाहू महाराजांची जयंती. त्या दिवशी बोलायला नाव द्या. पाच मिनिटं का होईना, माइकसमोर उभं राहायची भीती इथंच मोडते.

सण आपला नसला तरी खिरापत खायला या, आणि कुणाला यायचं नसेल तर तिला ओढू नका.

पावसाळ्यात घरी जाताना

जुलै-ऑगस्टमध्ये गावी निघण्याआधी पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी बघायची सवय लावा. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद झाला होता. विद्यापीठ उंचावर आहे, पण रस्ते अडले की दूध-भाजी येत नाही. पातळी वाढायला लागली की मेस समितीनं चार दिवसांचा किराणा, बटाटे-कांदे, मेणबत्त्या भरून ठेवाव्यात. घरी फोन करून सांगा की निघत नाही. अर्ध्या वाटेत अडकण्यापेक्षा हॉस्टेलवर थांबलेलं बरं.

पैशांची ओढाताण असेल तर

विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे, त्यात रोज काही तास काम करून शिकता येतं. अर्जाची तारीख प्रवेशाच्या वेळीच विचारा. सरकारच्या वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी, स्वाधारसाठी आपण पात्र आहोत का तेही बघा. या योजनांतून शिकणाऱ्या मुली खोलीत गप्प बसतात असं मी पाहिलंय, कमीपणा वाटतो म्हणून. भाऊरावांच्या बोर्डिंगातली मुलं खडी फोडून शिकली. ग्रंथालयात पुस्तकं लावून शिकण्यात कमीपणा कसला?

खोली सोडताना

परीक्षा संपायच्या आधीच ग्रंथालय, मेस, हॉस्टेल यांचे नो ड्यूज घ्यायला लागा. ताबा घेतानाची यादी काढा, खोली झाडून, कपाट पुसून दाखवा. अनामत रक्कम खात्यावर यायला वेळ लागतो, तोवर ते बँक खातं बंद करू नका.

गादी, बादली, दोरी, टेबललॅम्प विकू नका. खालच्या वर्गातल्या ज्या मुलीला गरज असेल तिला द्या. माझी बादलीही मला एका ताईंनी दिली होती. तळाला चीर गेली होती, ती तापवलेल्या सळईनं प्लास्टिक वितळवून बुजवली आणि दोन वर्षं वापरली. नोट्स देताना कोणत्या प्रकरणावर प्रश्न येतात त्याच्या खुणा करून द्या.

मग गेटवरच्या मामांना आणि मेसमध्ये मावशींना भेटून या. निघताना जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं असतं, हे घरी शिकवलेलंच असतं. मावशी भाकऱ्या थापत होत्या, हात पिठाचे होते म्हणून त्यांनी मनगटानंच माझ्या गालाला हात लावला. माझ्या तोंडातून आलं ते "येतो, मावशी" असं.